नाक गळतंय, नस गोठवून घेऊ का?

वाचकांचे प्रश्न : कान-नाक-घसा

मागच्या अंकात बारमाही सर्दीवर लिहिताना, नाकातल्या नसेवर यंत्राने करायच्या उपचाराचा मी दोन ओळींत उल्लेख केला होता. त्या दोन ओळींवरच सगळ्यात जास्त पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत, नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझं वय ६४. सांगलीत हळदीच्या अडत दुकानात हिशेबनीस म्हणून आयुष्य गेलं, आता घरीच असतो. गेली सात-आठ वर्षं दोन्ही नाकपुड्यांतून पाणी गळतं. सकाळी पांघरूण बाजूला केलं की सुरू. गरम आमटीचा पहिला भुरका मारला की पुन्हा. खाज नाही, शिंकाही फारशा नाहीत. श्रावणात आमच्या देवळात ज्ञानेश्वरीचं पारायण असतं. वाचताना थेंब पोथीवर पडतो, म्हणून गेल्या वर्षी मी माझी पाळी सोडून दिली. अ‍ॅलर्जीच्या तपासण्यांत काही निघालं नाही. सेट्रिझिनने झोप येते, पाणी थांबत नाही. स्प्रे आठवडाभर मारला, गुण आला नाही. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू आहे. मुलगा डॅलसला असतो. तो म्हणतो, तिकडे नाकातली नस गोठवतात, दहा मिनिटांचं काम आहे, दिवाळीनंतर याल तेव्हा उरकून टाकू. करावं का?
– वाचक, सांगली

उत्तर : काका, पोथीवर थेंब पडतो म्हणून तुम्ही पाळी सोडलीत, हे वाचून फार वाईट वाटलं. ‘सर्दीच तर आहे, त्याचं काय एवढं’ असं म्हणणाऱ्याला हा त्रास कळत नाही. कोणी पंगतीत बसायचं टाळतं, कोणी तान्ह्या नातवाला उचलून घेत नाही, कोणी कणीक मळताना सारखी मान वर करून नाक खांद्याला पुसतं. यानं जिवाला धोका नसतो, पण माणूस हळूहळू चारचौघांतून मागे सरकतो. म्हणून तुमचं पत्र पहिलं घेतलं.

पाण्यासारखा पातळ स्राव, दोन्ही बाजूंनी, खाज-शिंका नाहीत, आणि गार हवा किंवा गरम-तिखट लागलं की सुरू. हे वर्णन अ‍ॅलर्जीचं नाही. आम्ही याला व्हासोमोटर ऱ्हायनायटिस म्हणतो. नाकाला पाणी सोडायचा हुकूम देणारी नस गरजेपेक्षा जास्त तत्पर झालेली असते, आणि वय वाढेल तसं हे अधिक दिसतं. सेट्रिझिन हिस्टामिनला, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनाला, अडवतं. तुमच्या त्रासात हिस्टामिनचा फारसा हातच नाही, त्यामुळे गोळीने झोप तेवढी आणली.

आता ही नस म्हणजे काय ते सांगते, कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. नाकाच्या अस्तरातल्या ग्रंथींना ‘पाणी सोडा’ हा निरोप मेंदूच्या बुंध्याकडून येतो. तो आणणारे तंतू कानाच्या हाडातून निघून, कवटीच्या तळातल्या विडियन कालव्यातून, गालाच्या बऱ्याच मागे असलेल्या एका छोट्या मज्जागाठीत येतात. तिथून वाटा फुटतात. काही तंतू डोळ्याच्या अश्रुग्रंथीकडे जातात, काही टाळूकडे उतरतात, आणि काही मधल्या टर्बिनेटच्या, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरच्या अस्तराने झाकलेल्या हाडाच्या उंचवट्याच्या, मागच्या टोकाजवळून नाकात शिरतात. या शेवटच्या फाट्याला पोस्टिरिअर नेझल नर्व्ह म्हणतात. ती एकच जाड नस नसते, अस्तराखाली तिच्या बारीक शाखा पसरलेल्या असतात.

नस तोडून नाक थांबवायची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधले शल्यविशारद गोल्डिंग-वुड यांनी १९६१ साली विडियन नस कापण्याबद्दल लिहिलं, आणि पुढे बरीच वर्षं ही शस्त्रक्रिया होत राहिली. वरच्या ओठाखालून गालाच्या सायनसमध्ये शिरायचं आणि त्याच्या मागच्या भिंतीपलीकडे जायचं. नाक थांबायचं, पण मज्जागाठीच्या अलीकडेच कापल्यामुळे अश्रूंकडे जाणारे तंतूही तुटायचे आणि डोळा कोरडा पडायचा. पुढे दुर्बीण आली, तेव्हा गाठ ओलांडून फक्त नाकाकडे येणारा फाटा कापता येऊ लागला. यंत्राचा उपचार याच फाट्यावर आहे, फक्त इथे कापाकापी नाही.

तुमचा मुलगा म्हणतो ते गोठवण्याचं यंत्र म्हणजे क्लॅरिफिक्स. अमेरिकेच्या एफडीएनं त्याला २०१७ मध्ये परवानगी दिली. पेनासारख्या दांड्याच्या टोकाला एक इवलासा फुगा असतो. नाक बधिर करून, दुर्बिणीने बघत तो मधल्या टर्बिनेटच्या मागे टेकवतात आणि त्यात नायट्रस ऑक्साइड सोडतात. द्रव वायूचं बाष्प होताना फुगा अतिशय गार पडतो आणि त्याखालचं अस्तर पांढरं पडून गोठतं. एका जागी अर्धा ते एक मिनिट. दुसऱ्या जातीची यंत्रं गोठवण्याऐवजी रेडिओलहरींनी तेवढीच जागा तापवतात. ऱ्हायनएअर हे त्यातलं एक. आयर्लंडच्या गॉलवेमधल्या कंपनीचं न्यूरोमार्क हे दुसरं.

गोठवल्यावर नसेचा आतला तंतू मरतो, पण भोवतालचं आवरण बरंचसं शाबूत राहतं. तासगावच्या बागेत छाटणीनंतर ओलांड्यावर पुन्हा फूट येते, तसा हा तंतू काही जणांत परत वाढू शकतो. म्हणून ‘कायमचा इलाज’ असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. काहींना उपचार पुन्हा करावा लागतो.

आता तुम्ही करावं का? माझं मत सांगते. तुमचा त्रास अगदी या उपचाराच्या जातीचा आहे. पण त्याआधीच्या पायऱ्या तुम्ही पुऱ्या चढलेला नाहीत.

पहिली गोष्ट टॅमसुलोसिन. या गोळीने काही जणांचं नाक गळतं किंवा चोंदतं. ती मनाने बंद करू नका, लघवी अडेल. पण गोळी कधी सुरू झाली आणि नाक कधीपासून गळायला लागलं, हे जुन्या चिठ्ठ्या काढून ताडून बघा. हिशेबात आयुष्य घालवलेल्या माणसाकडे चिठ्ठ्या नक्की जपून ठेवलेल्या असतील. गोळी आधीची निघाली तर ज्यांनी ती दिली त्यांच्याशी बोला, पर्याय असू शकतो.

दुसरी गोष्ट स्प्रे. आठवडाभरात गुण आला नाही म्हणून तुम्ही सोडलात. स्टिरॉइडच्या स्प्रेला परिणाम दाखवायला दोन आठवडे तरी लागतात, आणि तो कसा मारता यावर निम्मं यश असतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणांना मी माझ्यासमोर मारायला सांगते. डोकं मागे टाकायचं, नळी सरळ वर धरायची आणि जोरात ओढून घ्यायचं, असं सगळे करतात. मग औषध थेट घशात उतरतं, किंवा मधल्या पडद्यावर बसून तिथून रक्त येतं. बरोबर रीत अशी : आधी नाक शिंकरून मोकळं करा. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात घ्या, डाव्या नाकपुडीसाठी उजव्या. त्यामुळे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे वळतं. दाबा आणि फूल हुंगावं इतकाच श्वास घ्या. घशात कडू लागलं तर समजा की जास्त ओढलंत.

तुमच्या त्रासात नुसत्या स्टिरॉइडपेक्षा अझेलास्टीनचा स्प्रे, किंवा अझेलास्टीन आणि फ्लुटिकासोन एकत्र असलेला, जास्त उपयोगी पडतो. तो डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि सहा आठवडे नेमाने वापरा. इप्राट्रोपियम नावाचा आणखी एक स्प्रे आहे. ‘पाणी सोडा’ हा नसेचा निरोप तो ग्रंथीच्या दारातच अडवतो. गळण्यावर तो उत्तम चालतो, चोंदण्यावर नाही. आमटीने गळणारं नाक असेल तर जेवणाच्या थोडं आधी मारतात. पण तुम्हाला प्रोस्टेटचा त्रास आहे, आणि या औषधाने लघवीचा त्रास वाढू शकतो. काचबिंदू असेल तर तेही सांगायला हवं. म्हणून ते विचारूनच घ्यायचं.

एवढं नीट करूनही पोथीवर थेंब पडत राहिला, तर नसेचा उपचार करून घ्यायला माझी काही हरकत नाही. मात्र डॅलसमध्ये ‘उरकून टाकायचं’ काम म्हणून नको. तिथले डॉक्टर आधी दुर्बिणीने नाक बघतील, मग पुढची तारीख देतील. पाहुणे म्हणून जाताना काढतात त्या विम्यात सहसा अचानक आलेलं आजारपण धरतात, जुना त्रास नाही, तेव्हा खर्च खिशातून होईल असंच धरून चाला. या उपचारानंतर काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही, घोळणा फुटू शकतो. परतीच्या विमानाच्या आदल्या आठवड्यात तो करून घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

आपल्याकडेही रस्ता बंद नाही. दुर्बिणीतून पोस्टिरिअर नेझल नर्व्ह कापण्याची शस्त्रक्रिया आपले कान-नाक-घसा सर्जन करतात. तिला पूर्ण भूल लागते आणि ती खुर्चीत बसून होत नाही, हा फरक. पण नस डोळ्यांनी बघून कापली जाते. जो सर्जन करणार त्यांना सरळ विचारा की तुम्ही ही नेहमी करता का, आणि त्यातल्या किती जणांचं नाक वर्षभरानंतरही थांबलेलं होतं. या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

श्रावण अजून लांब आहे. पाळी परत मागून घ्या.

प्रश्न : वय २९, हिंजवडीत आयटीत आहे. नाक कायम बंद, रात्री तर पूर्णच. दोन वर्षांपासून नाकात टाकायचे ड्रॉप्स वापरतो. टाकले की पाच मिनिटांत मोकळं होतं, पण आता तीन-चार तासच टिकतं. खिशात एक बाटली, गाडीत एक, उशीखाली एक. नाक गळत नाही. मी नसेचा लेझर किंवा फ्रीझिंग करून घ्यायला तयार आहे. पुण्यात कुठे होतं?
– वाचक, वाकड

उत्तर : कुठे होतं ते सांगत नाही, कारण तुम्हाला त्याची गरज नाही. उशीखालची ती बाटलीच तुमचा आजार आहे.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे हे थेंब टर्बिनेटमधल्या रक्तवाहिन्या आवळतात. तीन दिवस, फार तर पाच दिवस वापरायचं हे औषध. त्यापुढे रोज वापरलं की असर उतरताच रक्तवाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात, आणि ती फुगलेली स्थितीच कायमची होऊन बसते. नसेवर कितीही महागडं यंत्र फिरवलं तरी ही सूज जाणार नाही.

सोडवायची रीत अशी. स्टिरॉइडचा स्प्रे आजपासून दोन्ही बाजूंनी सुरू करा. दहा-बारा दिवसांनी एका नाकपुडीतले थेंब पूर्ण बंद करा, दुसऱ्या बाजूचे चालू ठेवा. बंद केलेल्या बाजूला काही रात्री फार त्रास होईल, पण श्वासाला एक बाजू उघडी असेल म्हणून निभावेल. ती बाजू मोकळी व्हायला लागली की दुसरीही बंद करा. सोबत मिठाच्या पाण्याने नाक धुवा. पावशेर पाण्यात, म्हणजे साधारण २५० मिलिलीटरमध्ये, अर्धा चमचा मीठ. पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं, विहिरीचं किंवा टाकीचं पाणी तसंच नाकात घालू नका. त्यातला अमीबा नाकातून मेंदूत जाऊन माणसं दगावली आहेत, केरळमध्ये अलीकडेही अशा घटना घडल्या. आई किंवा आजी जलनेती करत असतील तर त्यांनाही हे सांगा.

थेंब सुटल्यावरही नाक बंद राहिलं तर मग कारण शोधायचं. आरशासमोर उभं राहा, नाकाच्या बाजूला गालावर बोट ठेवून गाल हलकेच बाहेर, कानाकडे ओढा आणि श्वास घ्या. एकदम मोकळं वाटलं तर अडचण नाकपुडीच्या आतल्या अरुंद झडपेशी असू शकते. तिच्यासाठी वेगळे उपाय आहेत. मधला पडदा वाकडा असेल किंवा नाकात कोंब (पॉलिप) असतील तर ते दुर्बिणीत दिसेल. आणि एक लक्षात असू द्या : आळीपाळीने एक नाकपुडी जरा बंद, एक उघडी, हे निरोगी नाकातही दर काही तासांनी होत असतं. कुशीवर झोपलं की खालची बाजू बंद वाटते, तेही नेहमीचं आहे. तेवढ्यासाठी बाटली उघडू नका.

प्रश्न : मी ४६ वर्षांची, न्यू जर्सीत एडिसनला राहते. एप्रिल-मेमध्ये झाडांच्या परागांनी हाल होतात. पण खरं तर वर्षभर नाक गळतं आणि निम्मा वेळ चोंदलेलंही असतं. धुळीच्या किड्यांची अ‍ॅलर्जी तपासणीत निघाली आहे. फवारे, गोळ्या सगळं झालं. इथल्या डॉक्टरांनी रेडिओफ्रीक्वेन्सीने नस बंद करायचं सुचवलं आहे. माझे डोळे आधीच कोरडे आहेत, कॉन्टॅक्ट लेन्स सहन होत नाही. डोळे आणखी बिघडतील का? हे खरंच लागू पडतं का, की नुसती जाहिरात? आणि विमा कंपनी नाही म्हणते आहे.
– वाचक, एडिसन

उत्तर : डोळ्यांचं आधी. अश्रूंकडे जाणारे तंतू मज्जागाठीपाशीच वेगळे होतात, वरच्या उत्तरात लिहिलंय तसे. तुमच्या डॉक्टरांची सळई त्याच्या पुढे, नाकाच्या आत टेकते. म्हणून जुन्या विडियन शस्त्रक्रियेत जसे डोळे कोरडे पडायचे तसं इथे क्वचितच होतं. तरी तुमचे डोळे आधीच कोरडे आहेत हे त्यांना सांगा आणि कागदावर नोंदवायला लावा.

लागू पडतं का, याचं उत्तर आकड्यांत देते, कारण तुम्हाला तिथे माहितीपत्रकावर मोठा आकडा दाखवला असणार. अशा उपचाराची खरी परीक्षा एकच. काही लोकांवर खरा उपचार करायचा, उरलेल्यांच्या नाकात तेच यंत्र घालून, आवाज करून, पण नसेला काही न करता बाहेर काढायचं. कोणावर काय केलं ते रुग्णाला कळू द्यायचं नाही. रेडिओलहरींच्या यंत्राची अशी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी, खरा उपचार झालेल्यांपैकी ६७.५ टक्के लोकांचा त्रास किमान ३० टक्क्यांनी कमी झाला होता. नुसतं यंत्र घालून काढलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के होतं. गोठवण्याच्या यंत्राची चाचणी २०२२ मध्ये आली, तिच्यात ७३.७ टक्के विरुद्ध ३६.५ टक्के.

दोन्ही आकडे एकत्र बघा. यंत्राचा स्वतःचा वाटा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण काहीच न करता दहापैकी चार जणांना बरं वाटलं, हेही तितकंच खरं. गळणारं नाक ऋतूप्रमाणे चढतं-उतरतं, आणि माणूस उपचाराला जातो तो त्रास शिगेला पोचल्यावर. त्यामुळे कोणी ‘आमच्याकडे अमुक टक्के लोक बरे होतात’ म्हणालं, तर तुलनेच्या गटात किती झाले ते विचारा. दोन यंत्रांचे आकडे एकमेकांसमोर ठेवून ‘गोठवणं जास्त चांगलं’ असंही ठरवू नका. दोन्हीकडचे रुग्ण निवडण्याचे निकष वेगळे होते. दोन्ही चाचण्यांना पैसा यंत्राच्या कंपन्यांचा होता, हेही माहीत असलेलं बरं. दोन वर्षांपर्यंतचा पाठपुरावाही छापून आला आहे आणि तो आशादायक आहे, पण त्यात तुलनेचा गट उरलेला नाही.

आणखी एक. ‘त्रास कमी झाला’ हे मोजतात कसं? गळणं, चोंदणं, खाज, शिंका या चौघांना प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण १२. तुम्ही आजपासून रोज रात्री हे गुण वहीत लिहायला लागा. उपचाराआधी महिनाभराची नोंद हातात असेल, तर नंतर गुण आला की नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल.

तुमच्या बाबतीत अ‍ॅलर्जीही आहे. चाचण्यांत अ‍ॅलर्जी असलेले आणि नसलेले दोन्ही प्रकारचे लोक होते, तेव्हा अ‍ॅलर्जी आहे म्हणून उपचार बाद होत नाही. पाणी कमी होईल, नसेमुळे येणारी सूज कमी होऊन चोंदणंही काहीसं उतरेल. पण धुळीच्या किड्यांशी असलेलं शरीराचं वैर तसंच राहील. एप्रिलमध्ये डोळे खाजणारच, आणि औषधं कमी होतील, पण सुटणार नाहीत. धुळीच्या किड्यांसाठी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं, म्हणजे इम्युनोथेरपी, हे मुळावर जाणारं औषध आहे. त्याला तीन वर्षं लागतात. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. नसेवर जाण्याआधी त्याबद्दल नक्की विचारा. मी तुमच्या जागी असते तर आधी तेच केलं असतं.

प्रत्यक्ष दिवशी काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती राहणार नाही. तुम्ही खुर्चीतच बसलेल्या असाल. बधिर करणाऱ्या औषधात भिजवलेला कापूस नाकात बराच वेळ ठेवतात. तो ठेवतानाच सगळ्यात जास्त अस्वस्थ वाटतं, घशात कडू उतरतं. मग एखादं बारीक इंजेक्शन. नंतर सळईचं टोक एकेका जागी दहा-बारा सेकंद टेकवतात, दोन्ही बाजूंना मिळून बऱ्याच जागी. ऊब आणि दाब जाणवतो. गोठवण्याच्या पद्धतीत मात्र नंतर कपाळात आणि दातांत जोराची कळ येऊ शकते, आणि टाळू काही दिवस बधिर वाटू शकतो. पहिले दोन-तीन आठवडे नाक उलट जास्तच चोंदेल, खपल्या धरतील. मिठाचं पाणी वापरा, खपल्या नखाने काढू नका. फरक कळायला चार ते सहा आठवडे जाऊ द्या. त्याआधी निराश होऊ नका.

विम्याचं : १ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत या उपचारांना स्वतंत्र सीपीटी कोड, म्हणजे बिलावर लिहायचे उपचाराचे क्रमांक, मिळाले आहेत. रेडिओलहरींसाठी ३१२४२, गोठवण्यासाठी ३१२४३. कोड असला म्हणजे पैसे मिळतातच असं नाही, काही कंपन्या अजूनही याला प्रायोगिक म्हणतात. डॉक्टरांच्या ऑफिसला पूर्वपरवानगीचा अर्ज आणि नकारावर अपील दोन्ही करायला लावा. कोणते फवारे, किती आठवडे वापरले, याची यादी जोडा. ती गुणांची वही तिथेही कामाला येईल.

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या नातीच्या नाकातून महिन्याभरापासून पिवळा, घाण वासाचा शेंबूड येतो. एकाच बाजूने. अँटिबायोटिक दिलं की थांबतो, मग पुन्हा. मुलांसाठी असा नसेचा उपचार असतो का?
– आजी, लातूर

उत्तर : आजी, नाही. या यंत्रांच्या चाचण्या प्रौढांवर झाल्या आहेत. आणि नातीच्या नाकात नसेचा काही दोष नाही. या वयात एकाच बाजूने वास मारणारा स्राव आला, की नाकात काहीतरी अडकलंय असंच आम्ही धरून चालतो. चिंचोका, शेंगदाणा, मणी, फोमचा तुकडा, काहीही असू शकतं. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, ते आणखी मागे सरकतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच न्या. आणि खेळण्यातला किंवा घड्याळातला बटणासारखा सेल हरवला असल्याची जराही शंका असेल तर आजच, या क्षणी न्या. तो काही तासांत नाकाचा पडदा जाळून भोक पाडतो.

प्रश्न : वय ४७, गृहिणी. फक्त डाव्या नाकपुडीतून पाणी येतं. देवघर पुसायला वाकले की टपटप पडतं, एकदा तर फरशीवर ओघळ आला. चव खारट. वर्षभरापासून डोकं दुखतं. वजन जास्त आहे. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झाल्या. एका ठिकाणी मला ‘नस जाळून टाकू’ असं सांगितलं आहे, पुढच्या महिन्याची तारीख आहे.
– वाचक, अहिल्यानगर

उत्तर : तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी, अंकाची वाट न बघता, मी तुम्हाला फोन केला. इथे छापते आहे ते असंच होत असलेल्या दुसऱ्या कोणासाठी.

एकाच बाजूने, पाण्यासारखं स्वच्छ, वाकल्यावर टपटपणारं, खारट. हे नाकाचं पाणी नसून मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं. कवटीचा तळ आणि नाकाचं छत यांच्यामध्ये हाडाचा अगदी पातळ पापुद्रा असतो. डोक्यातला दाब बराच काळ वाढलेला राहिला तर त्याला बारीक भोक पडतं. चाळिशीतल्या, वजन जास्त असलेल्या, डोकेदुखी असलेल्या बायकांमध्ये हे अपघाताशिवायही होतं. डोक्याला मार लागून तर कोणालाही होतं. त्या भोकातून पाणी खाली येतं, आणि त्याच वाटेने जंतू वर जाऊ शकतात. मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होण्याची, भीती त्यामुळेच असते.

घरी एक अंदाज घेता येतो. ते पाणी स्वच्छ सुती रुमालावर पडू द्या आणि वाळू द्या. शेंबूड वाळला की कापड कडक होतं, हे पाणी वाळलं तरी रुमाल मऊच राहतो. हा नुसता अंदाज आहे, निदान नव्हे. खरी तपासणी म्हणजे ते पाणी छोट्या बाटलीत धरून बीटा-२ ट्रान्सफेरिनसाठी देणं. हे प्रथिन नाकाच्या स्रावात नसतं. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळा ही तपासणी करतात, काही वेळा नमुना बाहेर पाठवावा लागतो. सोबत सायनसचा बारीक कापांचा सीटी स्कॅन आणि एमआरआय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या, डोक्यातला दाब वाढला असेल तर बऱ्याचदा तिथे दिसतो. भोक सापडलं तर ते दुर्बिणीतून, नाकातूनच बुजवता येतं.

हे निकाल हाती येईपर्यंत नाक जोराने शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. जड उचलू नका, शौचाला कुंथू नका. ताप आला, मान आखडली, उजेड सहन होईना किंवा उलट्या सुरू झाल्या, तर रात्र असो की दिवस, थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘नाकातून मेंदूचं पाणी येत असल्याची शंका आहे’ हे वाक्य दारातच सांगा.

पुढच्या महिन्याची ती तारीख रद्द करा.